संगणक प्रत्यक्षात किती वीज घेतो? पाटीवरील आकडा आणि मीटरवरील वस्तुस्थिती

दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहून भाषांतराची आणि टंकलेखनाची कामे करणाऱ्या, प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका मराठी तरुणावर एका हिवाळ्यात अनपेक्षित प्रसंग ओढवला. साफसफाईसाठी त्याने आपल्या डेस्कटॉप संगणकाचे झाकण उघडले असता, आतील वीजपुरवठा संचावर म्हणजेच एसएमपीएसवर छापलेला ‘४५० वॅट’ हा आकडा घरमालकांच्या दृष्टीस पडला. त्यांनी तेथल्या तेथे हिशेब मांडला. दररोज दहा तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे १३५ युनिट. आणि युनिटला आठ रुपये धरल्यास दरमहा १,०८० रुपये. घरात सर्वांना मिळून एकच मीटर असल्याने ही रक्कम पुढील महिन्यापासून भाड्यात वाढवून द्यावी, असे त्यांनी सांगितले.

गुणाकारात चूक नव्हती. चूक होती ती गुणाकारासाठी निवडलेल्या आकड्यात. आणि ही चूक केवळ घरमालकच करतात असे नाही. कार्यालयांसाठी यूपीएस खरेदी करणारे अधिकारी, शाळेच्या संगणक कक्षाची वायरिंग करणारे कंत्राटदार आणि वीजबिल वाढल्यावर मुलांच्या संगणकाकडे बोट दाखवणारे पालक हे सगळे कमी-अधिक प्रमाणात हाच आकडा प्रमाण मानतात.

पाटीवरील आकड्याचा अर्थ

एसएमपीएसचे काम घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर संगणकाच्या भागांना चालणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करणे हे होय. त्यावर छापलेले ४५० वॅट ही त्या संचाची कमाल पुरवठा क्षमता असते. आतील भागांनी मागणी केल्यास तो जास्तीत जास्त इतकी वीज देऊ शकेल, एवढेच त्यातून कळते. नऊ टन माल वाहू शकणारा ट्रक दोन पोती घेऊन निघाला म्हणून त्यात नऊ टन माल आहे असे आपण म्हणत नाही. येथेही तोच न्याय लागू होतो. ४५० वॅटचा संच काढून त्याच संगणकाला ७५० वॅटचा संच जोडला, तरी वीजबिल त्या प्रमाणात वाढत नाही.

याच पाटीवर ‘२३० व्होल्ट, ५ अँपिअर’ अशीही नोंद अनेकदा आढळते. त्यांचा गुणाकार हजाराच्या पुढे जातो आणि पाहणारा अधिकच घाबरतो. ही नोंद वायर आणि फ्यूज यांची निवड सुरक्षित व्हावी यासाठी दिलेली सर्वोच्च मर्यादा असते. रोजच्या वापराशी तिचा संबंध नाही. शिवाय स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या संचांवरील आकडे अनेकदा फुगवलेले असतात. तेव्हा या पाटीवरून वापर तर कळत नाहीच, काही वेळा क्षमताही धड कळत नाही.

मात्र एसएमपीएसचा वीजबिलाशी काहीच संबंध नाही, असेही नव्हे. रूपांतर करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तिची नोंद मीटरवर होतेच. आतील भागांना १०० वॅट हवे असतील आणि संचाची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीवरील सॉकेटमधून १२५ वॅट घेतले जातात. कार्यक्षमता ६५ टक्के असल्यास तोच आकडा १५४ वॅटवर जातो. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणन योजनेचा उगम याच गळतीत आहे. क्षमतेच्या २० टक्के, ५० टक्के आणि पूर्ण भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता राखणाऱ्या संचांना हे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले. पुढे त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा वरच्या श्रेणी आल्या. भार २० टक्क्यांच्याही खाली गेला की बहुतेक संचांची कार्यक्षमता घसरते. त्यामुळे साध्या लेखनकामाच्या संगणकाला ‘असू द्यावा’ म्हणून भला मोठा संच बसविल्यास थोडी वीज अकारण जाते, पण ती दोन-चार वॅटच्या घरातली गोष्ट आहे.

वॅट जातात कुठे

संगणकाची भूक दिवसभर सारखी नसते, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. विजेचा बल्ब लावला की तो ठराविक वीज घेत राहतो. संगणक मात्र क्षणाक्षणाला आपली मागणी बदलतो. टंकलेखन सुरू असताना दोन कळा दाबण्याच्या मधल्या निमिषात प्रोसेसर अक्षरशः डुलकी घेतो. त्याचे बरेचसे भाग बंद केले जातात, व्होल्टता आणि वेग खाली आणले जातात. प्रोसेसरचा वीजवापर ढोबळमानाने त्याच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून वेग आणि व्होल्टता दोन्ही २० टक्क्यांनी कमी केली, तर वापर जवळजवळ निम्म्यावर येतो. आधुनिक प्रोसेसर हा खेळ एका सेकंदात अनेकदा करतात.

प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेली ‘टीडीपी’ ही संज्ञाही येथे गोंधळ उडवते. हा आकडा मुख्यतः पंखा आणि उष्णता शोषणारी धातूची जाळी निवडणाऱ्यांसाठी असतो. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरचेच उदाहरण घ्या. त्याची मूळ शक्ती १२५ वॅट नमूद केलेली आहे. पण पूर्ण वेगाने धावताना तो २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो, असे कंपनीचे स्वतःचे विवरण सांगते. उलट हाच प्रोसेसर रिकामा बसला असता त्याचा वापर १२५ वॅटच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे १२५ हा आकडा दोन्ही टोकांना अपुरा पडतो.

उरलेल्या भागांचा हिशेब लवकर संपतो. मेमरीच्या एका पट्टीला दोन-तीन वॅट, जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कला पाच ते नऊ वॅट, पंख्याला एक ते तीन वॅट पुरतात. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असल्यास ती स्वस्थ असताना जेमतेम एखादा वॅट घेते. मदरबोर्डचा वाटा धरून साध्या कार्यालयीन संगणकाची पेटी, जिला आपल्याकडे सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते, हलक्या कामाच्या वेळी सॉकेटमधून साधारण ३० ते ६० वॅट घेते.

मॉनिटरची जोड त्यात द्यावी लागते. एलईडी प्रकाशाचा २२ इंची एलसीडी मॉनिटर १५ ते २५ वॅटमध्ये भागवतो. ज्यांना सायबर कॅफेचे दिवस आठवत असतील, त्यांना तेथील काचेचे बोजड मॉनिटरही आठवतील. १७ इंची सीआरटी मॉनिटर एकटाच ७० ते ८० वॅट घेत असे. त्याला २००४ च्या सुमाराच्या पेंटियम ४ ची जोड मिळाली, की उन्हाळ्यात त्या अरुंद खोलीत बसणे कठीण होई. संगणक पुष्कळ वीज खातो ही जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, तिची मुळे बहुधा त्या काळात असावीत, आणि त्या काळी ती फारशी चुकीचीही नव्हती.

आजही ती एका प्रकारच्या संगणकाबाबत खरी आहे. खेळासाठी किंवा त्रिमितीय चित्रांकनासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविलेल्या संगणकाचा हिशेब पूर्णतः वेगळा होतो. एनव्हिडियाच्या २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची कमाल शक्ती ४५० वॅट असून, २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट आहे. म्हणजे आपल्या तरुणाच्या अख्ख्या एसएमपीएसची क्षमता हे एकटे कार्ड संपवू शकते. असा संगणक खेळ रंगात आला असता ६०० वॅट सहज ओढतो. रोज चार तास खेळल्यास महिन्याला ७२ युनिट होतात. आणि येथे दरांच्या टप्प्यांचा मुद्दा येतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरगुती वीजदर वापराच्या टप्प्यांनुसार वाढतात. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १००, ३०० आणि ५०० युनिट या सीमा आहेत. घरात आधीच २८० युनिट खर्च होत असतील, तर या ७२ पैकी २० युनिट जुन्या दराने आणि उरलेले ५२ वरच्या टप्प्यातील चढ्या दराने मोजले जातात. त्यामुळे सरासरी दराने केलेला हिशेब अशा घरात कमी भरतो. त्यातच खोलीत वातानुकूलन यंत्र असेल, तर संगणकातून बाहेर पडलेली सगळी उष्णता बाहेर फेकण्यासाठी त्या यंत्राला साधारण आणखी २०० वॅट लागतात, कारण संगणकात शिरलेली जवळपास सर्व वीज शेवटी उष्णताच होते. ६०० वॅटचा संगणक म्हणजे, या अर्थाने, एक लहान हीटरच.

मोजावे कसे

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सॉकेट आणि प्लग यांच्या मध्ये बसणारा छोटा वॉटमीटर. तो क्षणाचा वापर वॅटमध्ये आणि एकूण वापर युनिटमध्ये दाखवितो. संगणकातच चालणाऱ्या काही प्रणालीही वॅट दाखवितात, पण बहुधा फक्त प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे. एसएमपीएसमधील गळती आणि मॉनिटर त्यांच्या हिशेबात नसतात.

वीजतंत्री वापरतात तो क्लॅम्प मीटर जपून वापरावा लागतो. एक तर त्याची कडी एकाच तारेभोवती हवी. संपूर्ण केबलभोवती घातली, तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना छेदून शून्य दिसते आणि संगणक फुकट चालत असल्याचा आनंद होतो. दुसरे असे, की हा मीटर अँपिअर दाखवितो. समजा त्यावर ०.५ अँपिअर आले. २३० ने गुणले की ११५ येतात, पण ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर होत. पॉवर फॅक्टर सुधारण्याची सोय नसलेल्या जुन्या वा स्वस्त एसएमपीएसमध्ये हा फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो. त्याने गुणल्यावर ७५ वॅट उरतात. घरगुती मीटर नोंद करतो ती या ७५ ची.

यूपीएसवरील ‘६०० व्हीए’ या आकड्यामुळे होणारी फसगत याच जातीची आहे. अशा यूपीएसची वॅटमधील क्षमता अनेकदा ३६० च असते आणि ती बारीक अक्षरांत मागे छापलेली असते. साध्या कार्यालयीन संगणकाला ती भरपूर होते. मात्र आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते म्हणून ७५ वॅटचा संगणक तासभर चालेल, हा हिशेब फसतो. भराभर रिकामी केली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी आपली पूर्ण ऊर्जा देत नाही, रूपांतरात गळती होते, आणि प्रत्यक्षात जेमतेम अर्धा तास हाती लागतो.

कोणतेही उपकरण विकत न घेता मोजण्याचा मार्ग मात्र प्रत्येक घराच्या दाराशी टांगलेला आहे. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ अशी खूण इंग्रजीत असते. याचा अर्थ एक युनिट वीज खर्च होताना दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. एका युनिटमध्ये ३६ लाख वॅट-सेकंद असतात. त्यांना ३,२०० ने भागले की प्रत्येक लुकलुकीला १,१२५ वॅट-सेकंद येतात. आता दोन लुकलुकींमधील सेकंद मोजून १,१२५ ला त्यांनी भागले, की वॅट मिळाले. मीटरवर १६०० किंवा ६४०० आकडा असेल, तर १,१२५ ऐवजी अनुक्रमे २,२५० किंवा ५६२.५ घ्यावे. अचूकतेसाठी एकाऐवजी दहा लुकलुकी मोजाव्यात, पहिलीला शून्य म्हणावे, आणि घरातील अन्य सर्व उपकरणे बंद ठेवावीत. फ्रिजचा प्लगच काढलेला बरा. तो मध्येच सुरू झाला तर सगळी मोजणी वाया जाते.

दिल्लीतील त्या घरात हाच प्रयोग करण्यात आला. हिवाळ्याची दुपार असल्याने पंखे बंदच होते. घरमालकांनी स्वतः घड्याळ हाती घेतले. परंतु सगळे बंद केल्यानंतरही दिवा दर ९० सेकंदांनी एकदा लुकलुकत राहिला, म्हणजे साडेबारा वॅट कुठेतरी जात होते. शोध घेता ते खालच्या मजल्यावरील घरमालकांच्याच दूरचित्रवाणी संचाशेजारच्या सेट-टॉप बॉक्सपाशी सापडले. रिमोटने ‘बंद’ केलेला तो बॉक्स रात्रंदिवस वीज घेत होता. त्याचा प्लग काढल्यावर दिवा थांबला. नंतर संगणक सुरू करून टंकलेखन करत असताना दहा लुकलुकींना १५० सेकंद लागले. मॉनिटरसह ७५ वॅट. दहा तास, तीस दिवस: साडेबावीस युनिट, १८० रुपये.

बंद संगणकाची वीज

सेट-टॉप बॉक्ससारखीच सवय संगणकालाही आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली, तोपर्यंत संगणकाचे बटण दाबले की वीजपुरवठा खरोखर तुटत असे. एटीएक्समध्ये मात्र बटण केवळ मदरबोर्डला सूचना देते आणि ५ व्होल्टचा एक क्षीण पुरवठा सदैव जागा राहतो. म्हणून ‘शट डाऊन’ केलेला संगणकही एक ते तीन वॅट घेतो; ‘स्लीप’ अवस्थेत मेमरी जिवंत ठेवावी लागत असल्याने दोन ते चार वॅट. भिंतीवरील बटण बंद केले तरच शून्य. टाळ्यात ठेवलेल्या उपकरणांची ही गळती एक वॅटच्या आत आणावी, असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये मांडला. त्यामागे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे संशोधक ॲलन मायर यांचा पुढाकार होता. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला नियमाचे रूप दिले. २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा साध्या बंद अवस्थेसाठी घालण्यात आली.

तथापि खरा अपव्यय बंद संगणकाचा नसून चालू ठेवलेल्या संगणकाचा आहे. संध्याकाळी सहा वाजता मॉनिटर तेवढा बंद करून घरी जाणारे कर्मचारी प्रत्येक कार्यालयात आढळतात. पेटी ५० वॅट घेत असेल, तर सकाळी आठपर्यंतच्या १४ तासांत ०.७ युनिट जाते. महिन्याचे २१ युनिट होतात. वर दिलेल्या तरुणाच्या महिन्याभराच्या कामाला साडेबावीस युनिट लागले होते, हे येथे आठवावे. शंभर संगणकांच्या कार्यालयात हा आकडा २,१०० युनिट होतो. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने सुमारे दीड टन, तोही कोणी खुर्चीवर नसताना.

‘वारंवार बंद-चालू केल्याने अधिक वीज लागते’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर असते. संगणक सुरू होताना दोन मिनिटे १०० वॅट घेतो असे धरले, तरी ते ३.३ वॅट-तास होतात. ५० वॅट घेत रिकामा बसलेला संगणक तेवढी वीज चार मिनिटांत संपवतो. स्क्रीन सेव्हरचाही आधार घेऊ नये. काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र कायमचे उमटू नये म्हणून तो जन्माला आला. नावात ‘बचत’ असली तरी ती पडद्याची होती, विजेची नव्हे. मनोहारी त्रिमितीय चित्रे फिरविणारा स्क्रीन सेव्हर तर प्रोसेसरला उगाच कामाला लावतो.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आपल्या चार्जरवरील ‘६५ वॅट’ हा आकडा याच दृष्टीने वाचावा. तीही कमाल मर्यादाच आहे. बॅटरी भरल्यानंतर लेखनकामाला लॅपटॉप पंधरा ते तीस वॅटमध्ये भागवितो.

दिल्लीतील प्रकरण मात्र तरुणाला वाटले होते तितके एकतर्फी संपले नाही. मोजणी उरकून परतताना घरमालकांची नजर न्हाणीघरात टांगलेल्या, पाणी तापविण्याच्या विजेच्या रॉडवर गेली. त्यावर १,५०० वॅट असे छापलेले होते, आणि रॉडच्या बाबतीत मात्र पाटीवरील आकडा हाच खरा वापर असतो. रोज वीस मिनिटे, म्हणजे महिन्याला १५ युनिट, १२० रुपये. आजवर कोणाच्याच हिशेबात नसलेले. दोन्ही मिळून ३०० रुपयांवर उभयतांचे एकमत झाले. सेट-टॉप बॉक्सचे महिन्याचे नऊ युनिट कोणी भरायचे, हा प्रश्न तरुणाने त्या दिवशी काढला नाही.